आकड्याचा कायदा आणि जमिनीचा करार

२९ जून २०२१ या एकाच तारखेला कॅनडात तीन गोष्टी घडल्या. पहिली ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली. फ्रेझर आणि थॉम्पसन या नद्यांच्या संगमावर लिटन नावाचं छोटं गाव आहे. त्या दिवशी तिथं पारा ४९.६ अंशांवर गेला. चंद्रपूर-जळगावच्या माणसालाही हा आकडा दचकवेल, आणि हे गाव तर पन्नासाव्या अक्षांशावर, बर्फाच्या मुलुखात. त्याआधीचा कॅनडाचा उच्चांक ४५ अंशांचा होता, तो १९३७ सालचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात आग शिरली आणि बहुतेक गाव जळून गेलं. आजूबाजूच्या वस्त्या नलाकापामुक्स या मूलनिवासी समाजाच्या; त्यांची घरंही त्यात गेली. त्या आठवड्याच्या उष्णतेनं प्रांतात ६१९ माणसं दगावली, असं मृत्युनोंदी तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुढं जाहीर केलं.

दुसरी गोष्ट राजधानी ओटावातली. निव्वळ शून्य उत्सर्जनाबाबत सरकारला उत्तरदायी ठरवणाऱ्या विधेयकावर त्याच दिवशी मंजुरीची मोहोर उमटली. २०५० पर्यंत देशाचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं, तोवर दर पाच वर्षांचं लक्ष्य ठरवायचं, त्यासाठी योजना मांडायची आणि संसदेला हिशेब द्यायचा, असं बंधन सरकारनं स्वतःवर घालून घेतलं.

तिसऱ्या गोष्टीला वर्तमानपत्रांत सर्वांत कमी जागा मिळाली. ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयात (नाव भारदस्त असलं तरी हे प्रांतातलं सुनावणी न्यायालय, त्याच्या वर अपिलाची दोन दारं आहेत) न्यायमूर्ती एमिली बर्क यांनी ब्लूबेरी रिव्हर फर्स्ट नेशन या मूलनिवासी समाजाच्या दाव्यावर निकाल दिला. १८९९ साली ब्रिटिश राजसत्तेनं केलेल्या आठव्या क्रमांकाच्या तहात शिकार, सापळे आणि मासेमारी यांचे हक्क राखून ठेवले होते. तेल-वायूच्या विहिरी, वाहिन्या, रस्ते, लाकूडतोड यांना प्रांत सरकारनं इतके परवाने दिले की ते हक्क वापरायला जागाच उरली नाही. सबब तहाचा भंग झाला, असं न्यायालयानं ठरवलं. तहाचा भंग होईल असे परवाने यापुढं देता येणार नाहीत असं बजावलं, आणि तडजोडीसाठी सहा महिने दिले.

या तीन घटना एका तारखेला आल्या हा योगायोग. पण आजच्या व्याख्यानाचा विषय त्यांच्यामध्ये नेमका सापडतो. हवामानाचं लक्ष्य चुकलं तर सरकारला जाब कोण विचारणार? ओटावातल्या कायद्यानं हा प्रश्न सोडवल्याचा दावा केला. प्रत्यक्षात सरकारचा हात धरला तो सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तहानं.

ओटावाच्या कायद्यामागं मोडलेल्या वचनांचा मोठा इतिहास आहे. १९८८ मध्ये टोरांटोत भरलेल्या हवामान परिषदेनं २००५ पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २० टक्क्यांनी कमी करावं अशी शिफारस केली. यजमान कॅनडाच होता. पुढं क्योटो कराराखाली कॅनडानं १९९० च्या पातळीपेक्षा सहा टक्के कपात मान्य केली, झाली वाढ. कोपनहेगनच्या हवामान परिषदेनंतर २०२० साठी १७ टक्के कपातीचं वचन दिलं. तेही हुकलं, आणि तेही कोविडच्या टाळेबंदीनं विमानं नि गाड्या जागेवर बसवलेल्या वर्षात.

या मालिकेत एक प्रकरण मुद्दाम थांबून पाहण्यासारखं आहे. २००७ साली स्टीफन हार्पर यांचं पुराणमतवादी सरकार अल्पमतात होतं. विरोधी बाकावरचे लिबरल खासदार पाब्लो रॉड्रिगेझ यांनी खासगी विधेयक आणलं: क्योटोचं वचन पाळण्यासाठी सरकारनं दरवर्षी योजना मांडलीच पाहिजे. विरोधी पक्ष एकत्र आले, सरकारच्या इच्छेविरुद्ध विधेयक मंजूर झालं आणि कायदा झाला. कायदा पाळायचा म्हणून सरकारनं योजना मांडली, आणि त्याच योजनेत वचन पाळलं जाणार नाही हेही लिहिलं. ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ ही संस्था न्यायालयात गेली. २००८ मध्ये संघीय न्यायालयानं सांगितलं की योजना पुरेशी आहे की नाही हा न्यायालयानं तोलायचा प्रश्न नव्हे. सरकारला जाब संसदेनं विचारावा, मतदारांनी विचारावा. अपील फेटाळलं गेलं, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं दखल घेतली नाही. डिसेंबर २०११ मध्ये कॅनडा क्योटोतून बाहेर पडत असल्याचं जाहीर झालं आणि २०१२ च्या अर्थसंकल्पाला जोडलेल्या एका जाडजूड विधेयकात तो कायदाही रद्द झाला. तोवर हार्पर यांना बहुमत मिळालं होतं.

म्हणजे ज्या सरकारला बांधायचं, त्याच सरकारच्या बहुमतानं दोर कापला. ब्रिटनच्या किंवा कॅनडाच्या पद्धतीच्या संसदेत साध्या कायद्याचं आयुष्य एवढंच असतं. पुढची संसद त्याला बांधील नसते.

२०२१ चा कायदा लिहिताना हा धडा डोळ्यांसमोर होता. त्यामुळं तो अधिक बारकाईनं लिहिला गेला, हे मान्य करायला हवं. जस्टिन ट्रूडो यांचं लिबरल सरकार तेव्हा अल्पमतात होतं आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाठिंब्यासाठी दुरुस्त्या स्वीकारणं भाग होतं. त्यातून २०२६ साठी मधला टप्पा आला: २००५ च्या तुलनेत २० टक्के कपात. २०३० चं लक्ष्य ४० ते ४५ टक्क्यांचं. २०३५ साठी नंतर ४५ ते ५० टक्के ठरलं. तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ आलं. पर्यावरण आयुक्तानं दर पाच वर्षांत निदान एकदा अंमलबजावणी तपासावी असं कलम आलं. हा आयुक्त महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात बसतो. आपल्या कॅगच्या कचेरीत पर्यावरणाचा वेगळा अधिकारी असावा, तसा.

या आयुक्तपदावरच्या जेरी डीमार्को यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. सरकारची योजना २०३० चं लक्ष्य गाठायला अपुरी आहे, आणि १९९० पासून उत्सर्जनात अजिबात घट न झालेला जी-७ गटातला कॅनडा हा एकमेव देश आहे, असं त्यात स्पष्ट होतं. अहवाल संसदेत मांडला गेला. बातम्या झाल्या. मंत्र्यांनी शिफारशींचं स्वागत केलं. कायद्याप्रमाणं पुढं काही व्हायचं नव्हतं.

कारण लक्ष्य हुकलं तर काय, याचं उत्तर कायद्याच्या सोळाव्या कलमात आहे: मंत्र्यानं अपयशाची कारणं सांगावीत आणि त्यावर सरकार काय करतं आहे किंवा करणार आहे ते लिहावं. बस्स. ना दंड, ना आपोआप लागू होणारी एखादी कडक तरतूद. विद्यार्थ्यानं पेपर स्वतः काढायचा, स्वतः सोडवायचा, आणि नापास झाला तर ‘मी नापास का झालो’ यावर निबंध लिहायचा, असा हा प्रकार आहे. बरं, निबंधाची मुदतही सैल. २०३० चं उत्सर्जन किती झालं याची अधिकृत मोजदाद आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं २०३२ मध्ये सादर होईल आणि हिशेब त्यानंतर मागितला जाईल. तेव्हा खुर्चीवर कोण असेल ते सांगता येत नाही.

सगळ्याच देशांचे असे कायदे इतके बोथट आहेत असं मात्र नाही. ब्रिटननं २००८ मध्ये पहिला सर्वंकष हवामान कायदा केला. तिथल्या मंत्र्यावर असं कर्तव्य आहे की कार्बनची ठरवलेली मर्यादा पाळली जाईल अशी धोरणं त्यानं आखली पाहिजेत. त्या आधारावर उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सरकारची निव्वळ शून्याची रणनीती बेकायदा ठरवली, कारण सगळ्या उपायांची बेरीज लक्ष्याइतकी होत नाही हे मंत्र्यांसमोर नीट मांडलंच गेलं नव्हतं. सुधारून आणलेली योजना २०२४ मध्ये पुन्हा बेकायदा ठरली. न्यायाधीशांनी मंत्र्यांना उत्सर्जन किती असावं हे सांगितलं नाही. बेरीज करून दाखवा एवढंच सांगितलं. याउलट न्यूझीलंडच्या २०१९ च्या कायद्यानं न्यायालयाचे हात आधीच बांधले: लक्ष्य हुकलं तर न्यायालय फक्त तसं जाहीर करू शकतं, दुसरा दिलासा नाही.

आता दुसरी बाजू. कॅनडातल्या मूलनिवासींचे हक्क साध्या कायद्यात नाहीत, संविधानात आहेत. १९८२ मध्ये कॅनडानं आपलं संविधान ब्रिटनकडून स्वतःच्या हातात घेतलं. त्याआधीच्या मसुद्यांतून मूलनिवासींचे हक्क गळतील अशी धास्ती होती. १९८० च्या हिवाळ्यात व्हँकूव्हरहून ओटावाला रेल्वेगाड्या भरून माणसं निघाली. ‘कॉन्स्टिट्यूशन एक्स्प्रेस’ या नावानं ते आंदोलन ओळखलं जातं आणि जॉर्ज मॅन्युएल हे त्याचे प्रमुख नेते. अशा दबावातून ३५ वं कलम टिकलं: मूलनिवासींचे अस्तित्वात असलेले परंपरागत आणि तहांतून आलेले हक्क मान्य. तीन-चार वाक्यांचं कलम. पण त्यावर न्यायालयांनी चाळीस वर्षांत मोठी इमारत उभी केली. हायडा समाजाच्या खटल्यातल्या २००४ च्या निकालानं सांगितलं की हक्काचा दावा अजून सिद्ध झालेला नसला, तरी त्या जमिनीवर परिणाम होणार असेल तर सरकारनं आधी सल्लामसलत केलीच पाहिजे. २०१४ मध्ये त्सिल्कोतिन लोकांची जवळपास १,७०० चौरस किलोमीटर जमिनीवरची मालकी सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली.

सल्लामसलत म्हणजे काय, याचा सर्वांत बोलका नमुना क्लाइड रिव्हरचा. आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला बॅफिन बेटावरचं हे इनुइट लोकांचं गाव. सील, व्हेल, मासे यांवर जगणारं. समुद्रतळाखाली तेल आहे का, हे आवाजाच्या स्फोटांनी तपासण्याची परवानगी काही कंपन्यांना मिळाली. त्या आवाजानं सागरी सस्तन प्राणी बिथरतात, ही गावकऱ्यांची भीती. सभेत त्यांनी साधे प्रश्न विचारले. कंपन्यांच्या प्रतिनिधींना उत्तरं देता आली नाहीत. नंतर उत्तरादाखल ३,९२६ पानांचा दस्तऐवज इंटरनेटवर टाकण्यात आला. गावात इंटरनेटचा वेग इतका कमी की तो उतरवून घेणंच कठीण. इनुक्टिटुट भाषेत त्याचा फार थोडा भाग होता. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं परवानगी रद्द केली. त्याच दिवशी ओन्टारिओतल्या चिपेवा समाजाचा एका तेलवाहिनीविरुद्धचा दावा मात्र फेटाळला, कारण तिथं सल्लामसलत पुरेशी झाली होती असं न्यायालयाला वाटलं. म्हणजे हा हक्क नकाराधिकार नाही. पण त्याला दात आहेत.

ट्रान्स माउंटनचं उदाहरण याहून गाजलं. एडमंटनपासून व्हँकूव्हरजवळच्या बर्नबीपर्यंत साधारण १,१५० किलोमीटरची ही तेलवाहिनी. तिची क्षमता दिवसाला तीन लाख पिंपांवरून जवळपास नऊ लाखांवर न्यायची होती. विरोध आणि खटले वाढले, कंपनीनं अंग काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मे २०१८ मध्ये केंद्र सरकारनंच साडेचार अब्ज डॉलरना ती विकत घ्यायचं जाहीर केलं. ऑगस्टच्या ३० तारखेला कंपनीच्या भागधारकांनी विक्रीला मान्यता दिली आणि त्याच दिवशी संघीय अपील न्यायालयानं विस्ताराची परवानगी रद्द केली. स्लेवाटूथ आणि इतर समाजांशी सरकारी अधिकारी बोलले खरे, पण ते केवळ म्हणणं टिपून घेत राहिले, त्यावर खरी चर्चा झालीच नाही, असं न्यायालयाचं निरीक्षण होतं. सरकारी शिष्टमंडळांचा अनुभव असलेल्या कुणालाही हे चित्र नवं वाटणार नाही.

पुढचं दृश्य तर नाटककारालाही सुचलं नसतं. १७ जून २०१९ रोजी कॅनडाच्या लोकप्रतिनिधिगृहानं राष्ट्रीय हवामान आणीबाणी जाहीर केली आणि १८ जूनला मंत्रिमंडळानं ट्रान्स माउंटनच्या विस्ताराला पुन्हा मंजुरी दिली. वाहिनी मे २०२४ मध्ये सुरू झाली. खर्च ३४ अब्ज डॉलरच्या घरात गेला.

म्हणजे हक्कांनी प्रकल्प लांबवले, काही थांबवले, काही त्यांना थांबवता आले नाहीत. पण या काळात सरकारला न्यायालयात उभं करून ‘तुम्ही चुकलात’ असं बंधनकारकपणे ऐकवण्याची ताकद उत्सर्जनाच्या आकड्यात नव्हती. ती जमिनीच्या हक्कात होती. ब्लूबेरी निकालाचं महत्त्व इथं आहे. त्यातला युक्तिवाद हवामानाच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडतो. प्रांत सरकारचं म्हणणं होतं की प्रत्येक परवाना तपासूनच दिला आहे. एक विहीर, एक रस्ता, एक वाहिनी. कशानंही शिकारीचा हक्क संपत नाही. न्यायालयानं म्हटलं, एकेक नव्हे, सगळ्यांची बेरीज पाहा. आणि बेरीज पाहणारी यंत्रणाच सरकारकडं नव्हती. जगभरचे हवामान खटले याच खडकावर फुटतात: आमच्या एका खाणीनं पृथ्वीचं तापमान किती वाढणार, असं प्रत्येक सरकार विचारतं. बर्क यांनी या बचावाला दार बंद केलं. प्रांतानं अपील केलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये करार झाला. तेल आणि वायूच्या कामांसाठी दर वर्षी किती नवी जमीन मोडायची यावर मर्यादा आली आणि जमीन सावरण्यासाठी निधी आला. कुठल्याही हवामान कायद्यानं त्या प्रदेशातल्या वायू उद्योगावर अशी थेट मर्यादा घातली नव्हती.

याचा अर्थ मूलनिवासी म्हणजे तेल-वायूचे जन्मजात विरोधक असा कुणी लावू नये. तसं समजणं हा त्यांच्यावरचा आणखी एक अन्याय. ब्रिटिश कोलंबियातल्या कोस्टल गॅसलिंक या वायुवाहिनीच्या मार्गावरच्या बहुतेक निवडून आलेल्या मूलनिवासी परिषदांनी करार केले होते. वेट्सुवेटेन समाजाच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी विरोध केला आणि २०२० च्या सुरुवातीला देशभर रेल्वेमार्ग अडले. त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर सीडर या द्रवरूप वायू प्रकल्पात हैस्ला समाजाची बहुसंख्य मालकी आहे. पिढ्यानपिढ्या गरिबीत ठेवलेल्या समाजानं मिळकतीचा रस्ता निवडला तर शहरातल्या पर्यावरणवाद्यानं नाक मुरडण्याचं कारण नाही. उलट टोकाला युकॉनमधलं ओल्ड क्रो आहे. वुंटुट ग्विचिन लोकांच्या या गावाला बारमाही रस्ता नाही. वीज डिझेलवर, आणि डिझेल विमानानं. २०१९ मध्ये या छोट्या समाजानं संसदेच्या महिनाभर आधी हवामान आणीबाणी जाहीर केली, आणि पुढं सौर प्रकल्प उभारून उन्हाळ्यात डिझेल जनित्रं बंद ठेवता येतील अशी सोय केली.

प्रश्न होकार-नकाराचा नाहीच. निर्णय कुणाचा, हा आहे.

ही बाब ध्यानात घेतली नाही की हवामानाच्या नावानंच अन्याय होतो. क्यूबेकमधल्या जेम्स बे जलविद्युत प्रकल्पाची घोषणा १९७१ मध्ये झाली तेव्हा तिथल्या क्री लोकांना कुणी विचारलं नव्हतं. १९७३ मध्ये न्यायालयानं काम थांबवण्याचा आदेश दिला. तो आठवडाभरात उठला, पण त्या धक्क्यानं १९७५ चा करार झाला. जलाशयांत बुडालेल्या मातीतून पारा माशांत उतरला आणि मासे हेच ज्यांचं मुख्य अन्न त्यांना मासे खाऊ नका असं सांगायची वेळ आली. आज तीच वीज स्वच्छ म्हणून गौरवली जाते. ती कोळशापेक्षा स्वच्छ आहेच. पीस नदीवरचं ‘साइट सी’ धरण अगदी अलीकडचं. २०२४ मध्ये त्याचा जलाशय भरला; बुडालेली दरी आठव्या तहाच्याच प्रदेशातली.

नॉर्वेतला फोसेनचा खटला तर हवामान मंत्र्यांनी पाठ करावा असा आहे. सामी लोकांच्या रेनडिअर कळपांच्या हिवाळी कुरणांवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं परवाने बेकायदा ठरवले: अल्पसंख्याकांच्या संस्कृतीचा आंतरराष्ट्रीय करारानं दिलेला हक्क भंगला होता. हरित विजेची गरज न्यायालयानं नाकारली नाही. ती वीज अन्यत्रही करता आली असती, एवढंच म्हटलं. पवनचक्क्या मात्र फिरतच राहिल्या. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयांची दारं अडवली. ग्रेटा थुनबर्ग त्यांच्यासोबत होती. पंतप्रधानांना माफी मागावी लागली. समझोते व्हायला डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ उजाडला. तीस वर्षं वाटाघाटी करून हवामान करार करणाऱ्या राज्यकर्त्यांना मूठभर गुराख्यांशी आधी बोलायला वेळ नव्हता, याला काय म्हणावं?

तर कायदा लिहिताना या दोन धाग्यांची गाठ कशी मारायची? कॅनडानं प्रयत्न केला. हवामान कायद्याच्या आठच दिवस आधी, २१ जून २०२१ ला, मूलनिवासींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा अंमलात आणणारा कायदा झाला. देशाचे कायदे त्या जाहीरनाम्याशी सुसंगत करण्याची जबाबदारी त्यानं सरकारवर टाकली. हा तोच जाहीरनामा, ज्याच्या विरोधात २००७ मध्ये जगातल्या फक्त चार देशांनी मत दिलं होतं आणि त्यांत कॅनडा होता. हवामान कायद्यातही जाहीरनाम्याचा उल्लेख आहे: उत्सर्जन घटवण्याची योजना करताना मंत्र्यानं तो विचारात घ्यावा, लक्ष्य ठरवताना मूलनिवासींचं पारंपरिक ज्ञान विचारात घ्यावं, त्यांना म्हणणं मांडायची संधी द्यावी. पण विचारात घेऊन बाजूला ठेवलं तर? त्याचं उत्तर कायद्यात नाही. अल्बर्टातल्या अथाबास्का चिपेवायन समाजाला त्यांच्या नदीच्या वरच्या अंगाला तेलवाळूच्या खाणीतून विषारी पाणी झिरपत असल्याची पुरती खबर २०२३ मध्ये मिळाली, तीही सुमारे नऊ महिने उशिरा. दोन्ही कायदे तेव्हा पुस्तकात होते.

आणि २०२५ नं उरलासुरला भ्रम दूर केला. मार्क कार्नी पंतप्रधान झाले. १ एप्रिलपासून सामान्य ग्राहकांवरचा कार्बन आकार शून्यावर आणला गेला. जूनमध्ये राष्ट्रीय हिताच्या प्रकल्पांना झटपट परवानग्या देणारा कायदा काही आठवड्यांत संमत झाला; मूलनिवासी नेत्यांनी सल्लामसलतीला वेळच दिला नाही अशी तक्रार केली. नोव्हेंबरमध्ये केंद्र आणि अल्बर्टा यांच्यात पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या नव्या तेलवाहिनीसाठी सामंजस्य करार झाला. त्यात तेल-वायू क्षेत्राच्या उत्सर्जनावरची प्रस्तावित मर्यादा सोडून दिली गेली. २०२२ ची उत्सर्जन योजना मांडणारे माजी पर्यावरणमंत्री स्टीव्हन गिल्बो यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हे सगळं होताना २०२१ चा हवामान कायदा शब्दशः जागेवर होता. कुणी तो मोडला नाही, कारण मोडण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. किनाऱ्यावरच्या मूलनिवासी समाजांनी मात्र वाहिनी होऊ देणार नाही असं लगेच जाहीर केलं, आणि गुंतवणूकदार गंभीरपणे ऐकतात ते त्यांचं. ३५ व्या कलमाचा खटला काय करू शकतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

भारतात बसून हे ऐकताना दोन गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाहीत. आपल्याकडं २०७० पर्यंत निव्वळ शून्याची घोषणा आहे, पण सर्वंकष हवामान कायदा नाही. माळढोक पक्षी आणि सौरविजेच्या तारा यांच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ आणि २१ व्या अनुच्छेदांत आहे असं म्हटलं, आणि असा कायदा नसल्याचीही नोंद केली. दुसरी गोष्ट, जमिनीच्या बाजूनं आपण कॅनडाच्या फार मागं नाही. काही बाबतींत पुढं होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्काचा दाखला मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. खाण झाली नाही. पण २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी वनहक्कांची पूर्तता पाहण्याची अट मागं ढकलून ती राज्यांवर सोपवली. शिवाय अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषतील इतकी जादा झाडं उभी करण्याचं आंतरराष्ट्रीय वचन आहे. तोडलेल्या जंगलाच्या भरपाईची वनलागवड गावाच्या वहिवाटीच्या जमिनीवर, ग्रामसभेला न विचारता झाल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या आहेत. फोसेन आपल्यापासून फार लांब नाही.

भारताचा हवामान कायदा आज ना उद्या येईल. त्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा निव्वळ शून्याचं वर्ष कोणतं, यावर वृत्तवाहिन्या चर्चा रंगवतील. तो वाचणाऱ्यांनी दोन कलमं आधी शोधावीत: लक्ष्य हुकलं तर नागरिकाला कोणत्या न्यायालयात जाता येईल, आणि त्या लक्ष्यासाठी जंगल, कुरण किंवा नदी घ्यायची झाली तर ग्रामसभेची संमती आधी लागेल की नाही. यांतलं एकही कलम नसेल तर हरकतीच्या मुदतीतच ते लेखी कळवावं, कारण मंजुरीनंतर त्या कायद्याच्या आधारानं मंत्र्यांकडून फक्त अहवाल मागता येईल.